मागणी करणाऱ्याने समितीत बसू नये

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी आधी मारला आणि मग घरी आणला. मारला तो कागदावर. आदिलाबादच्या एका सरकारी कार्यालयात मी वरिष्ठ कारकून आहे आणि जुनं सामान निकामी ठरवण्याचा अहवाल माझ्या टेबलावरून जातो. तीन वर्षांपूर्वी अकरा कॉम्प्युटर लिलावात काढायचं ठरलं. त्यातले दहा खरोखरच गेलेले होते. अकरावा माझ्याच टेबलावरचा होता आणि सकाळी बटण दाबलं की तो माझ्याआधी कामाला लागायचा. त्याच्याबद्दल मी लिहिलं, ‘वारंवार बंद पडतो, दुरुस्त होण्यासारखा नाही.’ हे मी इंग्रजीत लिहिलं. खोटं इंग्रजीत लिहिलं की मनाला थोडं कमी लागतं. खाली दस्तखत केली, शिक्का मारला. लिलावात कर्मचाऱ्याने बोली लावू नये असा नियम आहे आणि मी पडलो नियमाचा माणूस. म्हणून बोली माझ्या मेहुण्याने लावली.

घरी मी सांगितलं की हैदराबादच्या एका ओळखीच्या माणसाचं ऑफिस बंद झालं, त्यानं दिला. कॅबिनेटच्या बाजूला पांढऱ्या रंगात कार्यालयाचा नंबर होता, तो मी ब्लेडने घासून काढला. मुलगी तेव्हा कॉलेजला होती. तिला इतका आनंद झाला की मला स्वतःचा अभिमान वाटला. चोरीच्या मालावर असा अभिमान वाटतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात ज्वारी कापायला जायचे. सरकारी शिक्का हातात आलेला आमच्या घरातला मी पहिला माणूस, आणि त्या शिक्क्याचं मी काय केलं ते वर लिहिलं आहे. दर रविवारी आम्ही विहारात वंदनेला जातो. पंचशील म्हणताना, न दिलेलं घेणार नाही या दुसऱ्या शीलाला आणि खोटं बोलणार नाही या चौथ्या शीलाला माझा आवाज आपोआप खाली जायचा. बाकीची तीन मी मोठ्यानं म्हणायचो, कारण ती मला परवडत होती. एकदा विहारातून परत येताना बायकोने विचारलं होतं, “अवो, दुसऱ्या अन् चौथ्या शीलाले तुमचा घसा काऊन बसते?” मी म्हणालो, “कफ आहे.” म्हणजे चौथं शील रस्त्यातच मोडलं.

आता मूळ गोष्ट. मुलगी पदवीधर झाली आणि घरबसल्या कॉम्प्युटरवर चित्रं हलवायला शिकली. यंदा उन्हाळ्यात हैदराबादच्या एका स्टुडिओने तिला नोकरीसाठी चाचणी म्हणून एक काम दिलं. एखादं लाकडी खेळणं घ्यायचं, ते जिवंत झालेलं वीस सेकंद दाखवायचं, मुदत तीन आठवडे. आमच्या शोकेसमध्ये तिच्या लहानपणापासून, खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या निर्मल गावचा एक लाकडी राघू आहे. तो मान वळवेल, पंख झटकेल आणि शोकेसवरून उडून जाईल, असं तिने ठरवलं. पहिल्या चार दिवसांत तिने राघू इतका हुबेहूब केला की त्याच्या चोचीवर जिथे रंग उडाला आहे, तेसुद्धा चित्रात आलं.

अडचण पुढे होती. एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात आणि प्रत्येक चित्रावरचा उजेड, सावली, लाकडाची चमक हे सगळं कॉम्प्युटरला मोजून काढावं लागतं. आमचा कॉम्प्युटर एका चित्राला अर्धा तास घेत होता.

“बाबा, वीस सेकंदांचे चारशे ऐंशी चित्रं होतात,” ती म्हणाली. “दिवसरात्र चालला तरी दहा दिवस. मधात काही चुकलं तर पुन्हा पयल्यापासून. त्याच्यात एक ग्राफिक्स कार्ड टाकलं तर दोन दिवसांत होते. वीस सेकंद पुरे नाही झाले तर ते लोक पाहनार बी नाई.”

“कार्ड आणू,” मी म्हणालो. “तू फक्त मागणी लिहून दे.”

तिला वाटलं मी गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. सव्वीस वर्षं मी खरेदीच्या फायली हाताळल्या आहेत. आमच्याकडे जुने लोक फाइलला अजून मिसल म्हणतात, आणि मिसल केल्याशिवाय मला घरात पंखासुद्धा घेता येत नाही. तिने वहीचं पान फाडून मागणी लिहिली. मी पहिली ओळ वाचली, ‘कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड हवे आहे’, आणि लाल पेनाने शेरा मारला, ‘पाहिले. मिसलेस जोडावे.’ पुढच्या ओळी मी वाचल्या नाहीत. मागणी करणारा नेहमी वाढवून लिहितो, हा माझा अनुभव. स्टूल मागणारा खाली कारणात खुर्चीचं वर्णन करतो.

त्याच संध्याकाळी समिती नेमली.

“कोन कोन हाय समितीत?” बायकोने चहा ठेवत विचारलं. ती अंगणवाडीत शिकवते, तिला माझ्या समित्यांची सवय आहे.

“मी, तू अन् तुझा भाऊ.”

“अन् पोरगी?”

“ती मागणी करणारी. मागणी करणाऱ्याने समितीत बसू नये. पक्षपात होतो.”

“म्हनजे ज्याले भूक लागली त्यानं सैपाकघरात येऊ नये?”

“नियम आहे.”

“मंग आजपासून तुमीबी येऊ नका. घरात सगळ्यात मोठी मागनी तुमचीच असते.”

तिचं मत मी इतिवृत्तात नोंदवलं. नोंदवलं की मत संपतं, ही आमच्या खात्यातली जुनी आणि गुणकारी पद्धत आहे. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. “बाबा, मी बाहेर उभी राहून सांगू का?” तिने विचारलं. मी म्हणालो, “बेटा, गरज पडली तर समिती बोलावेल.”

मेहुणा मुधोळला शिक्षक आहे. शाळेतला प्रोजेक्टर तोच चालू करतो, त्यामुळे तो समितीतला तांत्रिक सदस्य झाला. लिलावातली बोलीही त्याचीच होती, हे अर्थातच इतिवृत्तात नाही.

तीन दुकानांची दरपत्रकं लागतात. पहिलं दुकान आदिलाबादेतच, घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. पण तो दुकानदार आमच्या कार्यालयाचीही मशीनं दुरुस्त करतो. मी चौकशी केली तर म्हणाला, “साहेब, डब्बाच घेऊन या ना. उघडून पाहू, किती जागा हाय, किती पॉवर हाय. मंग कार्ड सांगतो.”

या सगळ्या खरेदीत एवढं शहाणपणाचं वाक्य कोणी बोललं नाही, आणि मला घाम फुटला तो याच वाक्याने. तो डबा त्याने आमच्या कार्यालयात चारदा तरी उघडला होता. बघताक्षणी ओळखला असता.

“मशीन लांब आहे,” मी म्हणालो.

“किती लांब?”

“बरंच.”

दुसरं दरपत्रक मेहुण्याने मुधोळकडच्या एका दुकानातून फोनवर घेतलं. तिसऱ्यासाठी मी रजा टाकून निर्मलला गेलो. निर्मल चांगलं होतं. तिथे मला कोणी ओळखत नव्हतं. दुकानदाराने विचारलं, “साब, कॅबिनेट कौनसा है? छोटावाला तो नहीं?” मी ताठ मानेनं सांगितलं, “अच्छावाला है.” त्याने पुन्हा विचारलं, “मॉडल नंबर?” मॉडेल नंबर मला तोंडपाठ होता, कारण अहवालात मीच लिहिला होता. तो उच्चारायला मात्र जीभ उचलेना. मी म्हणालो, “वो घरपे है.”

मग तुलनात्मक तक्ता केला. त्यात हमी किती वर्षांची, पंखे किती, खोका केवढा असे रकाने होते. आपल्या मशीनमध्ये बसेल का, हा रकाना नव्हता. आमच्या छापील नमुन्यात तो नसतोच. निर्मलच्या कार्डाला दोन पंखे होते, हमी जास्त होती आणि खोका तर मिठाईच्या दुकानात लग्नासाठी देतात तेवढा. मेहुणा म्हणाला, “दाजी, एक पंख्याचं घेनारा अन् दोन पंख्याचं घेनारा, यातच मानूस कळते.” बायकोने सही करताना एवढंच म्हटलं, “मी ‘पोरीले विचारा’ म्हनून सही करून राह्यली.” तसं लिहायला जागा नव्हती. मी फक्त सही घेतली.

बैठका, दरपत्रकं, माझी रजा मंजूर होणं, निर्मलच्या दोन फेऱ्या, यात मुदतीचा चौदावा दिवस उजाडला. मुलगी रोज विचारायची, “बाबा, काम सुरू करू का तसंच?” मी रोज म्हणायचो, “थांब, नवीन कार्डावर एकदमच कर.” कॉम्प्युटर दहा दिवस रिकामा बसून होता. दहा दिवसांचा हिशेब तिने मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

कार्ड आणलं त्या दुपारी मेहुणाही मुद्दाम आला होता. मी खोका मांडीवर घेऊन निर्मलहून बसने आलो होतो, शेजारच्या बाईने कोणाचं लग्न ठरलं असंही विचारलं होतं. मुलीने खोका पाहिला आणि तिचा चेहरा एकदम शांत झाला.

“बाबा, चिठ्ठी वाचली होती ना?”

“मिसलेत आहे,” मी म्हणालो.

तिने कॅबिनेटचं झाकण काढलं. त्याच्या बाजूला, मी नंबर घासला होता तिथे, तिने फार पूर्वी स्वतः रंगवलेल्या राघूचा कागद चिकटवला होता. पोरीची हौस म्हणून मी त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. तिने कार्ड आतल्या खाचेत बसवलं. ते बसलं, पण कॅबिनेटच्या काठाच्या वर चार बोटं उभं राहिलं. झाकण लागणं शक्य नव्हतं. सरकारी कॉम्प्युटर बारीक अंगाचे असतात, टेबलावर जागा कमी अडवावी म्हणून. तो मी सहा वर्षं वापरला होता.

“झाकन कशाले पायजे?” तांत्रिक सदस्य म्हणाला. “उघडं राहू द्या, हवा लागंल.”

तिने बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली: कार्डाला विजेची वायर जोडा. आम्ही चौघं ती वायर शोधायला मशीनमध्ये वाकलो. तशी वायर त्यात नव्हतीच. एवढ्या मोठ्या कार्डाला पुरेल इतकी वीज त्या मशीनमध्ये येतच नव्हती.

“चांगलं झालं,” बायको म्हणाली. “दोन पंखे हायेत. शोकेसवर ठेवा, राघूले हवा लागंल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते परत करायला निर्मलला गेलो. दुकानदाराने खोका उलटसुलट पाहिला. “साब, सील टूट गया, अब वापस नहीं होता,” तो म्हणाला आणि अगदी मऊपणे पुढे म्हणाला, “मैंने पूछा था ना, छोटावाला तो नहीं?”

परतीच्या बसमध्ये मिसल माझ्या पिशवीत होती. पहिल्यांदाच मी मुलीची मागणी पूर्ण वाचली. तिने लिहिलं होतं, ‘आपलं कॅबिनेट बारीक आहे म्हणून कमी उंचीचं कार्ड पाहिजे. वेगळी वायर लागणारं नको. एकच पंखा असला तरी चालेल. मॉडेल खाली दोन लिहिले आहेत, कोणतंही आणा.’ आणि सगळ्यात खाली, ‘दुकानात जाताना मला न्या.’ या ओळीवरच माझा लाल शेरा पडला होता. पाहिले.

घरी पोचलो तेव्हा तिने काम सुरू केलं होतं, आहे त्याच मशीनवर. मी म्हणालो, आत्ता जाऊन बारीक कार्ड आणतो. तिने आधीच फोन केला होता. आदिलाबादेत तसं कार्ड शिल्लक नव्हतं, मागवायला आठवडा लागणार होता. हातात सहा दिवस होते. तिने कागदावर हिशेब केला होता: सहा दिवसांत दोनशे अठ्ठ्याऐंशी चित्रं, म्हणजे बारा सेकंद.

“मंग राघू उडत नाई,” ती म्हणाली. “मान वळवते, पंख झटकते, बस.”

“वीस सेकंद पाहिजेत म्हणाली होतीस.”

“हो. पायजेत तर होते.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला उत्तर देण्याचा मला सव्वीस वर्षांचा सराव आहे.

ते सहा दिवस मी विसरणार नाही. बाहेर आदिलाबादचं ऊन, घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवलेला, आणि आम्ही तिघं वर्तमानपत्राने वारा घेत बसलेलो. वीज गेली की इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर. मी ज्याच्याबद्दल सहीशिक्क्यानिशी ‘वारंवार बंद पडतो’ असं लिहिलं होतं, तो सहा दिवस एकदाही बंद पडला नाही. अर्ध्या अर्ध्या तासाने एक चित्र काढत राहिला. आणि आता कबूल करतो, चौथ्या दिवशी त्याच्यासमोर बसलो असताना माझ्या मनात आलं की हा बंद पडला तर किती बरं होईल. माझा अहवाल तरी खरा ठरेल. पोटच्या पोरीचं काम समोर होत असताना बापाच्या मनात हे आलं. आलं आणि थोडा वेळ टिकलंही.

तिने बारा सेकंद पाठवले. आठवड्याने उत्तर आलं. लाकूड आणि उजेड उत्तम आहे, पण दिलेली लांबी पूर्ण नाही, त्यामुळे या खेपेला विचार करता येत नाही. पुढच्या खेपेला पुन्हा अर्ज करता येईल. तिने ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि मोबाइल उलटा ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी इतिवृत्त लिहायला घेतलं नाही.

त्या रविवारी विहारात दुसऱ्या शीलाला माझा आवाज निघालाच नाही. घरी आल्यावर चप्पल काढायच्या आधी मी दोघींना सांगून टाकलं. अहवाल, अकरावा कॉम्प्युटर, मेहुण्याची बोली, हैदराबादचा नसलेला ओळखीचा माणूस. दुकानदाराला मशीन का दाखवलं नाही, मॉडेल का सांगितलं नाही, तेही. बायको ओसरीवर बसली. “तीन वर्षं मी तुमच्या घशाले हळद-दूध देऊन राह्यली,” ती म्हणाली. “पोरीले कॉम्प्युटर पायजे होता तर मले सांगता येत नव्हतं? आन् माह्या भावाले बी नासवलं.”

मुलगी आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती कॅबिनेट उचलून बाहेर घेऊन आली आणि बाजूचा राघू तिने हळूच नखाने सोलला. खाली मी ब्लेडने घासलेला नंबर होता. तिरपा उजेड पडला की सगळे आकडे स्वच्छ वाचता येत होते.

“बाबा, तुमी कॉम्प्युटर आनला त्याच आठवड्यात हे मले दिसलं होतं,” ती म्हणाली. “कोनी पाहुना आला तर तुमची इज्जत जाईल म्हनून मीच झाकलं. वाटलं, तुमी कधीतरी सांगसान.”

तीन वर्षं. पंचशील म्हणताना विहारात ती माझ्या शेजारीच उभी असायची.

“मंग आता?” मी विचारलं. इतक्या वर्षांत मी कोणाला असं विचारलं नव्हतं. मी नेहमी ‘पुढील कार्यवाही’ लिहितो.

“आता समिती माही,” ती म्हणाली. “पुढची खेप पावसाळ्यानंतर हाय. कार्ड आदिलाबादच्या दुकानातून घ्यायचं. मशीन घेऊन जायचं. अन् तुमी नेनार.”

“तू येत नाहीस?”

“मी चिठ्ठी दिली हाय. या बारी वाचा.”

तीन दिवसांनी संध्याकाळी ते कॅबिनेट घेऊन मी स्कूटरवर बसलो, पायांच्या मधे धरून, नंबर बाहेरच्या बाजूला. तो आतल्या बाजूला वळवायला बायकोने मनाई केली होती. रस्ता आमच्या कार्यालयावरून जातो. फाटकाशी आमचा शिपाई उभा होता, त्याने हात केला, मीही केला. कॅबिनेटकडे त्याचं लक्ष गेलं की नाही, माहीत नाही. मला मात्र वाटलं की त्या नंबरावर दिवा लावलेला आहे.

दुकानदाराने डबा टेबलावर घेतला. घासलेला नंबर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. हा माणूस दर सोमवारी आमच्या कार्यालयात येतो. त्याला सांगणं म्हणजे नोटीस बोर्डावर लावणं.

“साहेब, हे तर तुमच्याच ऑफिसचं मशीन,” तो म्हणाला. “बाहेर कसं आलं? हे तर एकदम चांगलं होतं. कोन निकामी म्हटलं याले?”

खिशात साहेबांच्या नावाने लिहिलेला माझा कबुलीचा अर्ज होता, दोन दिवसांपासून घडी घातलेला. तो द्यायचं धैर्य मला त्या दिवशी झालेलं नव्हतं. निदान हे तरी, असं मी मनाशी म्हटलं.

“मी म्हटलं,” मी सांगितलं. “खोटं लिहिलं होतं. आता ही चिठ्ठी घे आणि तिच्यात लिहिलं आहे तेच दे. मला काही विचारू नको.”

त्याने चिठ्ठी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.